उजव्या हाताची शाई

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. पहाटे चारलाच जाग आली. गजर लावला नव्हता, लावायची गरजही नव्हती. मतदानाच्या दिवशी या वेळेला उठायची सवय अंगात मुरली आहे. फरक एवढाच, की एरवी ही जाग कुठल्यातरी परगावच्या शाळेत यायची. चार बाकं जोडून वर सतरंजी टाकलेली, उशाला मतदानाचं साहित्य, बाहेर बंदोबस्ताच्या पोलिसाचा खोकला आणि अंधारात हापशाचा आवाज. या वेळी डोळे उघडले ते साताऱ्यातल्या घरी. छताकडे बघत पडून राहिलो आणि आज आपल्याला कुठेही हजर व्हायचं नाही, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मी प्राथमिक शिक्षक. आमच्या पिढीतल्या निम्म्या गुरुजींप्रमाणे माझीही जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनीच ती ठरवलेली. त्या हिशेबाने ३१ मे २०२४ ला निवृत्त झालो. त्याआधी तीनच आठवडे, ७ मेला, लोकसभेची शेवटची ड्यूटी करून आलो होतो. पहिली ड्यूटी फेब्रुवारी १९९० च्या विधानसभेची. मधल्या चौतीस वर्षांत लोकसभा असो वा विधानसभा, मतदानाच्या दिवशी मी माझ्या गावात कधीच नव्हतो. माझ्या मतदान केंद्रावर उभं राहून मी मत दिलं ते एकदाच, १९८९ च्या लोकसभेला, नोकरी लागायच्या आधी. त्यानंतर आजच.

उठून काठी आणि बॅटरी घेतली. ‘आता कुठे? ड्यूटी संपली ना तुमची?’ आतून हिचा आवाज आला. ‘किल्ल्यावर जाऊन येतो. सातला मतदान करूनच घरी येईन.’ ‘करा. मी माझं आवरून नंतर जाईन.’

साताऱ्यात फिरायला जायचं म्हणजे अजिंक्यताऱ्यावर. कोपऱ्यावर तात्या उभेच होते. तात्या एसटीचे निवृत्त चालक. गळ्याभोवती मफलर, डोक्यावर कानटोपी. कार्तिकातली थंडी पडली होती. पंचमीचा चंद्र माथ्यावरून जरासा पश्चिमेला कलला होता, त्यामुळे बॅटरीची गरज लागली नाही. चढताना आम्ही फारसं बोलत नाही. दम पुरवावा लागतो. वर महादरवाजातून आत शिरलो आणि शहराच्या बाजूला तटावर येऊन टेकलो, तेव्हा घड्याळात साडेपाच वाजले होते.

खाली सातारा झोपलेलं होतं. तरी मधूनमधून दिव्यांचे लांबट पुंजके दिसत होते. तात्यांना वाटलं, कुठे लग्नाची तयारी असेल. मी म्हटलं, ‘तात्या, त्या शाळा आहेत.’ वर्गखोल्यांच्या खिडक्यांचे उजेड दुरूनही ओळखू येतात. साडेपाच म्हणजे अभिरूप मतदानाची वेळ. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर निदान पन्नास मतं टाकून दाखवायची, ती मोजून चिठ्ठ्यांशी ताडून पाहायची, मग यंत्रातली ती मतं पुसायची, चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या आणि यंत्र मोहोरबंद करायचं. यातलं ‘पुसायचं’ विसरलं, तर दिवसभराचा हिशेब चुकतो. केंद्राध्यक्ष म्हणून गेल्या काही निवडणुकांत या क्षणी माझ्या पोटात गोळा आलेला असायचा. आज तो दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात होता.

२०२४ च्या या निवडणुकीत महाराष्ट्रात मतदार होते सुमारे ९ कोटी ७० लाख आणि मतदान केंद्रं एक लाखावर. एका केंद्रावर केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी धरले, तरी चार लाख माणसं झाली. त्यात पोलीस, होमगार्ड, शिपाई, क्षेत्रीय अधिकारी, पथकं पोचवणाऱ्या गाड्यांचे चालक अजून धरलेलेच नाहीत. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी छायाचित्र येतं ते बोट दाखवणाऱ्या मतदाराचं. यायलाही तेच हवं. पण त्या बोटाला शाई लावणारा हात चौकटीच्या बाहेर असतो.

त्या शाईशी माझा जुना संबंध. पहिल्या काही निवडणुकांत मी शाई लावण्याच्या टेबलावर असायचो. ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात तयार होते. देशाच्या निवडणुकीत ती आली १९६२ साली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवर उजेड पडला की ते काळं पडतं आणि साबणाने, लिंबाने, रॉकेलनेही जात नाही. नखावरची खूण नख वाढेल तशी पुढे सरकते आणि कापली जाते, तेव्हाच संपते. मतदाराच्या डाव्या तर्जनीवर एक रेघ. पण शाई लावणाऱ्याचं काय होतं? बाटली वाळूत नीट रोवलेली असली तरी काडी ठिबकते, मतदार हात मागे घेतो, लहान पोर टेबलाला धक्का देतं. संध्याकाळपर्यंत माझ्या उजव्या हाताची तीन बोटं काळी झालेली असायची. पुढे पंधरा दिवस भाकरी मोडताना, फळ्यावर लिहिताना ती दिसायची. पोरं विचारायची, ‘गुरुजी, तुम्ही किती मतं दिली?’ मी हसायचो. खरं उत्तर अवघड होतं.

१९९० ची ती पहिली ड्यूटी कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावात होती. बामणोलीपर्यंत एसटी, तिथून लाँच. पत्र्याच्या मतपेट्या मांडीवर घेऊन आम्ही शिवसागर ओलांडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरंस्वच्छ लुगडं नेसलेली एक आजी आली. यादीत त्याच नावाच्या दोघी होत्या. पहिल्या अधिकाऱ्याने नवऱ्याचं नाव विचारलं. आजी गप्प. परत विचारलं, तरी गप्प. रांग थांबली. मागची एक बाई म्हणाली, ‘सायब, जुनं माणूस हाय ते. मालकाचं नाव कसं घेईल?’ शेवटी तीच आजीच्या कानाशी लागली आणि आजीने पदर तोंडावर धरून चक्क उखाणा घेतला. पोलिंग एजंटसुद्धा हसले. यादीत खूण झाली, मी शाई लावली, आजीने मतपत्रिका घेतली आणि मागे न बघता पडद्याआड गेली.

तेव्हा ती गंमत वाटली होती. पुढे वाचनात आलं, की १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या सुमारे २८ लाख बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. सुकुमार सेन तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. ती नावं यादीत आली नाहीत आणि तेवढ्या बायकांचं मत राहिलं. निर्णय कठोर होता, पण त्यामुळे पुढच्या याद्यांत बायका स्वतःच्या नावाने आल्या. माझ्या समोरच्या आजीला नवऱ्याचं नाव घेणं जड गेलं, पण तिचं स्वतःचं नाव यादीत छापलेलं होतं.

तटावर बसून हे तात्यांना सांगत होतो. त्यांनी मधेच विचारलं, ‘गुरुजी, दुसऱ्यांचं ऱ्हाऊ द्या. एवढ्या वर्षांत तुमचं स्वतःचं मत?’

मी म्हटलं, ‘आमचं टपाली.’

‘टपाली म्हणजे द्यायचातच ना दर वेळी?’

हा प्रश्न मला चौतीस वर्षांत कोणी असा थेट विचारला नव्हता. घरी ही विचारायची, पण ते ‘भाजी आणली का’ या चालीवर. मी ‘दिलं’ म्हणायचो आणि विषय संपायचा.

टपाली मतदानाची रीत वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ड्यूटीचा आदेश आला की अर्ज भरायचा. मग मतपत्रिकेचं पाकीट येतं. आत मतपत्रिका, एक लहान पाकीट, एक मोठं पाकीट आणि एक प्रतिज्ञापत्र. मतपत्रिका लहान पाकिटात. प्रतिज्ञापत्रावर अधिकाऱ्याची साक्षांकित सही घेऊन ते लहान पाकिटाबाहेर, मोठ्या पाकिटात. आणि हे सगळं मतमोजणी सुरू होण्याआधी पोचलं पाहिजे. सही राहिली, प्रतिज्ञापत्र चुकीच्या पाकिटात गेलं, की मत बाद. दुसऱ्यांना मतदानाचे नियम समजावणारे आम्ही लोक, आणि दर मोजणीत बाद टपाली मतांचा गठ्ठा हा असतोच.

माझा हिशेब असा. एका निवडणुकीत माझं पाकीट निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरी आलं. ते कोणाच्या टेबलावर अडकलं होतं, देव जाणे. ती चूक माझी नव्हती. १९९९ साली लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या. पाकिटांचे दोन संच आले. रात्री कंदिलाच्या उजेडात बसून मी लोकसभेची मतपत्रिका विधानसभेच्या पाकिटात घातली आणि विधानसभेची लोकसभेच्या. टाकून आल्यावर अंथरुणात ध्यानात आलं. दोन्ही मतं गेली. आणि २००४ च्या ऑक्टोबरातली विधानसभा. तेव्हा पाकीट वेळेवर आलं होतं. सही कोणाची घ्यायची म्हणून कंटाळा केला, उद्या बघू म्हटलं, प्रशिक्षणात अडकलो आणि ते तसंच राहिलं. त्या दिवशी मी साडेनऊशे मतदारांच्या यादीचं केंद्र सांभाळलं, एकही तक्रार येऊ दिली नाही, रात्री दोनला साहित्य जमा केलं. घरी आल्यावर हिने विचारलं, ‘मत दिलंत ना?’ मी म्हटलं, ‘दिलं.’ पुढच्या आठवड्यात चौथीच्या वर्गात ‘मतदान हे नागरिकाचं कर्तव्य आहे’ हे वाक्य शुद्धलेखनाला घातलं.

एका मताने काय होतं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं असेल. त्याच २००४ साली कर्नाटकात संथेमरहळ्ळी मतदारसंघाचा निकाल एका मताने लागला होता. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा इथे सी. पी. जोशी एका मताने पडले. आणि २०२४ च्या जूनमध्ये आपल्याकडे वायव्य मुंबईची लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली. अठ्ठेचाळीस म्हणजे एका मोठ्या शाळेतले शिक्षक.

हे सगळं मी तात्यांना सांगून टाकलं. अंधार असल्यामुळे सांगता आलं. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुमचं निदान पाकीट यायचं, गुरुजी. आम्ही आदल्या दिवशी पार्ट्या सोडायच्या, दुसऱ्या दिवशी रात्री परत आणायच्या. मधल्या वेळेत गाडीतच झोपायचं. आम्हाला असं पाकीट असतं, हे कोणी सांगितलंच नाही. मी बी कधी विचारलं नाही.’

‘मी बी विचारलं नाही’ हे ते मुद्दाम म्हणाले, की माझं ओझं हलकं करायला, ते कळलं नाही. जरंडेश्वराच्या मागे फटफटायला लागलं होतं. शाळांचे दिवे फिके पडले. आम्ही उतरायला लागलो.

आता टपाली मताची रीत बदलली आहे. २०२३ च्या नियमबदलानंतर ड्यूटीवरच्या माणसाने पाकीट घरी न्यायचं नाही, प्रशिक्षणाच्या ठिकाणी उघडलेल्या सुविधा केंद्रातच मत द्यायचं. ७ मेच्या ड्यूटीआधी मी तसंच दिलं. पाकीट पंचांगात ठेवून विसरायची सोय राहिली नाही, हे बरंच झालं. २०२४ पासून पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांच्या घरी पथक जातं. अरुणाचलात मालोगाम इथे एकट्या बाईसाठी केंद्र उघडतात आणि मतदान पथक डोंगर चढून जातं. अशा बातम्या वाचल्या की जुन्या कर्मचाऱ्याला अभिमान वाटतो. एका मतासाठी एवढं करणारं राज्य आहे हे.

पायथ्याला उतरून पुढे रस्त्यावरच्या टपरीत चहाला थांबलो. कडेला ट्रॅक्टर उभा होता. मागे दोन ट्रॉल्या, उसाने गच्च भरलेल्या. गळीत हंगाम पाच दिवसांपूर्वी सुरू झाला होता. चालकाशेजारी बसून आलेलं एक जोडपं चहा घेत होतं. बाईच्या कडेवर टोपडं घातलेलं मूल. बोलीवरून बीडकडचे वाटले. तात्यांनी विचारलंच, ‘आज मतदान हाय. तुमचं?’

‘मत गावाकडं हाय,’ माणूस म्हणाला. ‘मुकादमाची उचल घेतलीया. टोळी आली तवा यावंच लागलं.’

‘तुमच्यातलं कोणीच गेलं नाही?’

‘गेले की. ज्यांना न्यायला गाडी आली ते गेले.’ गाडी कोणाची, ते आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. बाई मात्र म्हणाली, ‘लोकसभेला दिलं व्हतं मी. तवा उन्हाळा व्हता, घरीच व्हतो.’ ‘दिलं व्हतं’ म्हणताना तिने डावी तर्जनी जरा वर केली. सहा महिन्यांत नख वाढून खूण केव्हाच गेली होती. कोयत्याच्या कामाने चिरलेलं ते बोट होतं.

ऊसतोडीत एक ‘कोयता’ म्हणजे एक जोडपं, नवरा आणि बायको. म्हणजे एका कोयत्यामागे दोन मतं. दिवाळीनंतर लाखो माणसं मराठवाड्यातून घर सोडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मताचा हक्क राहत्या जागेशी बांधलेला. यांची जागा म्हणजे फडाजवळची कोपी. फड संपला की कोपी उठते. नाव नोंदवणार कुठे? लोकसभा उन्हाळ्यात येते म्हणून त्यांच्या वाट्याला येते. विधानसभा हंगामाच्या तोंडाशी येते. अशा लोकांना जिथे असतील तिथून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार केला होता. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय. जानेवारी २०२३ मध्ये तो सगळ्या पक्षांपुढे ठेवला. शंका निघाल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत ते यंत्र कुठेच दिसलं नाही. मालोगामला डोंगर चढून जाता येतं. साताऱ्याच्या उसाच्या फडात जायची वाट अजून सापडायची आहे.

कप खाली ठेवला तेव्हा माझी २००४ ची आठवण घशात अडकल्यासारखी झाली. मला सरकारने घरपोच पाकीट पाठवलं होतं. मी ते उघडलं नाही. या बाईला कोणी काही पाठवलं नाही, आणि सहा महिन्यांपूर्वीचं मत तिच्या ध्यानात होतं.

सातला केंद्रावर पोचलो. रांगेत पुढे बारा-तेरा जण. व्हरांड्यात शिरताच डोळे सवयीने सगळं तपासू लागले. उमेदवारांची यादी लावली आहे का, मतदानाच्या कप्प्यामागे खिडकी उघडी नाही ना. मग स्वतःलाच गप्प केलं. आज मी फक्त मतदार. पहिल्या अधिकाऱ्याने यादीतला क्रमांक आणि माझं नाव मोठ्याने पुकारलं. हजारो नावं मी अशी ऐकली आहेत, पण स्वतःचं नाव त्या चालीत ऐकताना छातीत काहीतरी हललं. दुसऱ्या टेबलावर पंचविशीतली एक शिक्षिका होती. पहिलीच ड्यूटी असावी. काडी धरलेला हात थरथरत होता आणि सात वाजून दहा मिनिटांतच तिच्या उजव्या अंगठ्याला शाई लागली होती. मी म्हटलं, ‘बाई, बाटली वाळूत अजून थोडी खोल रोवा.’ ती हसली. ‘सर, तुम्ही पण केलीत का ड्यूटी?’ मागून रांग सरकत होती. मी नुसती मान हलवली.

आत गेलो. बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली. यंत्राची ती लांब शिट्टी मी आयुष्यभर टेबलाच्या अलीकडून ऐकली होती. शिट्टी झाली की आम्ही पुढच्याला सोडायचो, एवढाच तिचा अर्थ. ती आपल्यासाठी वाजते तेव्हा कशी वाटते, हे अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

घरी आलो तेव्हा ही चहाचं आधण ठेवत होती. मी डावा हात पुढे केला. तिने बोट धरून नीट पाहिलं. ‘आज दिसतंय,’ म्हणाली. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘एक सांगायचंय. २००४ च्या विधानसभेला मी मत दिलं नव्हतं.’

‘ठाऊक आहे मला,’ ती चहा गाळत म्हणाली. ‘पाकीट पंचांगात होतं. दिवाळीची आवराआवर करताना सापडलं.’

‘मग बोलली नाहीस कधी?’

‘तुम्ही दोन रात्री जागून आला होतात. बोटं काळी झाली होती. काय बोलायचं?’

वीस वर्षं ती ‘मत दिलंत ना’ विचारत राहिली, ती का, हे मला तेव्हा उमगलं.

चहा झाल्यावर तिने साडी नीट केली, ओळखपत्र पिशवीत टाकलं. ‘चला, माझं राहिलंय.’ लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण मत द्यायला आम्ही कधी एकत्र गेलो नव्हतो. शाळेपाशी शंभर मीटरवर फक्कीची पांढरी रेघ ओढलेली होती. अशा कितीतरी रेघा मी पहाटेच्या अंधारात अंदाजाने ओढल्या आहेत. आज रेघेबाहेर थांबलो. ती एकटीच आत गेली, रांगेत उभी राहिली आणि मला लांबून ‘तुम्ही बसा तिकडे पारावर’ असा हात केला. मी बसलो नाही. उभा राहूनच वाट बघितली.